सोसण्याचा आकडा

आमच्या घरमालकांच्या घरात एकही घड्याळ नव्हतं. भिंतीवर नव्हतं, मनगटावर नव्हतं, आणि फोनवर वेळ दिसते म्हणून तेवढ्या जागेवर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा डकवून ठेवला होता. मी वरची खोली बघायला गेले तेव्हा सहज विचारलं, "काका, नळ किती वाजता येतो?" तर म्हणाले, "आला की येतो." मी मनात म्हटलं, झालं, हे गृहस्थ जरा सटकलेले दिसतात. पण खोली चांगली होती. एकट्या बाईला स्वतंत्र जिना, मोठी गच्ची आणि दारात कडुनिंब मिळत असेल तर मालकाच्या डोक्यातला एखादा स्क्रू ढिला असला तरी चालतो, असं माझं तेव्हा मत होतं. अजूनही आहे.

मी यवतमाळची. जबलपूरला एका खाजगी कॉलेजात शिकवायला आले होते. काका खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि घर फॅक्टरीच्या हद्दीबाहेर, पण भोंगा स्पष्ट ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यांचा सगळा दिवस त्या भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की चहा, दुपारचा झाला की जेवण. मधल्या वेळात किती वाजले हे त्यांना ठाऊक नसायचं आणि कुणी सांगितलेलं खपायचं नाही. एकदा दूधवाल्याने अंगणातून ओरडून वेळ सांगितली तर काका त्याच्याशी पुढचे कित्येक दिवस बोलले नाहीत. दूध मात्र घेत होते.

नोकरी त्यांनी तपासणीत केली होती. तयार झालेला भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर फेकायचा. उभा जन्म हेच केल्यामुळे त्यांना माणसांकडेही तसंच बघायची सवय लागली होती. भाजीवाली, विजेचं मीटर बघायला येणारा, माझ्या कॉलेजातले सहकारी, सगळ्यांना ते एकदा आपादमस्तक न्याहाळायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "पास." किंवा काहीच म्हणायचे नाहीत. मला पहिल्या दिवशी काहीच म्हणाले नव्हते, हे मी विसरलेले नाही.

रविवारी माझ्याकडे खेळायला लोक यायचे. खेळ म्हणजे पत्ते नव्हे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बसायचं, एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी भालाईत, कुणी वैद्य, कुणी चोर. गोष्ट सांगणारी मी. कायम येणारे दोघे: निखिल, पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला अधिकारी, आणि मिताली, इथल्याच मराठी घरातली, औषधाच्या दुकानात बसणारी. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरायची. बाकी लोक येऊन-जाऊन असत. प्रत्येक नव्या माणसाला आधी आपलं पात्र घडवावं लागे. त्याचे सहा गुण ठरवायचे: बळ, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि मोहिनी. दरेक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तो त्याचा आकडा. तीन म्हणजे अगदीच केविलवाणा आणि अठरा म्हणजे शिखर.

काका पहिल्यांदा वर आले ते भांडायला. "काय सांडून राहिलं वर? सारखं टकटक टकटक." फासे फरशीवर पडत होते, त्याचा आवाज खाली जात होता. मी माफी मागितली, सतरंजी अंथरली, आणि बसा म्हटलं म्हणून ते दाराशी बसले. निखिल पात्र घडवत होता. बळाला सहा आले म्हणून त्याने पुन्हा टाकले. आठ आले म्हणून पुन्हा टाकले. काका उठून उभेच राहिले.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"चांगला आकडा यायला पाहिजे ना काका. कमी बळाचा भालाईत काय कामाचा?"

"अच्छा. म्हणजे फेल माल परत परत गेजमध्ये घालायचा, पास होईपर्यंत." त्यांनी फासे त्याच्या हातातून काढून घेतले. "जे पडलं ते पडलं. सहा बळ म्हणजे सहा. सहा बळाची माणसं जगात नाहीत काय? फॅक्टरीत आमच्या साहेबाचं चार होतं."

त्या दिवसापासून पात्र घडवणं काकांकडे गेलं. कुणी दिलं नाही, त्यांनी घेतलं. नवीन कुणी आलं की मिताली जिन्यातून हाक मारायची, "काका, एक नया आया है." मग काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून वर यायचे, फासे रुमालाने पुसायचे आणि माणसाला समोर बसवायचे. क्रम बदलायचा नाही. बळाचा आकडा बुद्धीला फिरवायचा नाही. एकदाच टाकायचे. पात्र तयार झालं की कागद त्या माणसाच्या हातात देत म्हणायचे, "चलो, घडवून दिला. आता मारा नाहीतर जगवा." आणि खाली जायचे. त्यांनी स्वतः एकदाही खेळ खेळला नाही. मी कितीदा म्हटलं, काका, तुमचंही एक पात्र करू. "माझं झालेलं आहे, मॅडम," म्हणायचे. "आता त्यात फेरफार नाही."

मला सुरुवातीला हे सगळं फार मजेचं वाटायचं. एका संध्याकाळी गेटपाशी उभं राहून त्यांनी मला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आकडे सांगितले होते. हा स्कूटरवाला, चपळाई सतरा, शहाणपण पाच. ती बाई, मोहिनी पंधरा, पण दम नाही, जिना चढली की बसते. मी हसून हसून बेजार. ते हसत नव्हते. त्यांना मी हसताना बघणं आवडायचं, पण स्वतः कधी हसले असतील तर ते मी तिथे राहायला जायच्या आधी.

मग त्यांनी सातवा गुण आणला.

एका रविवारी फासे पुसता पुसता म्हणाले, "तुमच्या खेळात एक गोष्ट नाहीच आहे. सोसणं." निखिल म्हणाला, दम आहे की. "दम वेगळा," काका म्हणाले. "दम म्हणजे अंगात किती जोर टिकतो. सोसणं म्हणजे दुखल्यावर किती वेळ बोलत नाही." त्यांनी नियमही ठरवून आणला होता. ज्याचा सोसण्याचा आकडा मोठा, त्याला लागलं तरी त्याने सोबत्यांना सांगायचं नाही. मदत मागायची त्याची पाळी फार उशिरा येणार. बाकी सगळ्या गुणांत मोठा आकडा चांगला, ह्या एकात मोठा आकडा वाईट. मला तो नियम आवडला, म्हणून मी ठेवला.

निखिलच्या भालाईताला सोसणं सोळा पडलं. पुढच्याच मोहिमेत त्याला पोटात बाण लागला, आणि नियमाप्रमाणे त्याला ते कुणाला सांगता येईना. मितालीची वैद्यीण शेजारी बसली होती, झोळीत मुळ्या घेऊन. निखिल पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघायचा, आता सांगू का? मी म्हणायचे, नाही, अजून नाही. भालाईत सगळ्यांच्या देखत हसत हसत मेला. निखिल एवढा चिडला की खाली जाऊन काकांशी वाद घालून आला.

"काका, हा अन्याय आहे. औषध बाजूला होतं."

"होतं न," काका म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. तसंच असते."

निखिल वर येऊन म्हणाला, ह्या माणसाचं काहीतरी भयंकर बिनसलंय. तेव्हा मितालीने सांगितलं. तिला वाटत होतं आम्हाला ठाऊक असेल. "अरे, काका तो फेमस थे. पत्रिका बघायचे. माझ्या मम्मी-पप्पांची पण काकांनीच जुळवली." जबलपुरातल्या मराठी घरांत लग्न ठरायचं तर पत्रिका काकांकडे जायची. एक पैसा घेत नसत. छत्तीसपैकी अठराच्या वर गुण जुळले की पुढे बोला म्हणत, नाही जुळले तर मुलीच्या बापाने कितीही हात जोडले तरी ऐकत नसत. मग एकदम बंद केलं. पोथ्या, पंचांगं, सगळं बांधून कुणाला तरी देऊन टाकलं, आणि त्याच आठवड्यात घरातली घड्याळंही काढली.

लोक तरीही यायचे. मी स्वतः बघितलंय. गेटशी एखादी आई उभी असायची, हातात जन्मवेळेचा कागद. काका कागद घेत नसत. एकच विचारत, "मुलीला भांडता येते काय?" आई गोंधळून म्हणायची, नाही हो, आमची फार शांत आहे. "मग नका देऊ." एका आईने मात्र सांगितलं होतं, घरात सगळ्यांशी भांडते, म्हणूनच तर आलेय. काका म्हणाले, "द्या. कुठेही द्या. पास."

स्वतःच्या मुलीविषयी ते माझ्याशी बोलले ते एकदाच, अंगणात शेंगा सोलताना, मान खाली घालून. त्यांना एकुलती एक मुलगी. ती जन्मली तेव्हा ते दवाखान्याच्या व्हरांड्यात घड्याळ घेऊन उभे होते. ते घड्याळ त्यांनी सकाळीच रेडिओशी मिळवून घेतलं होतं, कारण जन्मवेळ चुकली की पत्रिका चुकते. रडण्याचा आवाज आला तशी वेळ टिपली. बाळ नंतर पाहिलं. "आधी काटा पाहिला, मॅडम, मग पोरगी पाहिली," म्हणाले. तिचं स्थळ त्यांनीच शोधलं, शहपुऱ्याचं. वऱ्हाडातून पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेलं व्यापारी घर, खताचं आणि बियाण्याचं दुकान. तेहतीस गुण जुळले. त्यांच्या हातून एवढे गुण कधी जुळले नव्हते. बायको हयात नव्हती, विचारायला कुणी नव्हतं, विचारण्यासारखं काही वाटलंही नाही.

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय. मारतो."

ते एवढं सरळ बोलले की माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही. तिथल्या एका शेजारणीने सांगितलं. मुलगी दर सणाला येत होती, पोळ्या करत होती, बापाच्या सदऱ्याला गुंड्या लावत होती. छान आहे म्हणत होती. "मी तिला पाहत होतो आणि पास म्हणत होतो," काका म्हणाले. कळल्यावर त्यांनी पत्रिका पुन्हा मांडली. किती वेळा मांडली कोण जाणे. कुठेतरी आपली चूक सापडावी म्हणून जिवाचा आटापिटा करत होते. सापडली नाही. वेळ बरोबर, गणित बरोबर, तेहतीस गुण बरोबर.

"चूक सापडली असती न, तर मी स्वतःला चपलेने मारून घेतलं असतं आणि मोकळा झालो असतो," म्हणाले.  मी शेंगा सोलत राहिले.

मुलगी त्या राखीला आली. सासरहून सकाळी आली, चुलतभावाला राखी बांधून दुपारी काकांकडे. त्या दिवशी रविवारच होता, आम्ही वर बसलो होतो. ती चहा घेऊन आली. चाळिशीकडे झुकलेली, गव्हाळ, हसरी बाई. पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं होतं, उकाडा असा की आम्ही पंख्याखाली घामेजलो होतो. मला ठाऊक होतं म्हणून मला ती बाही दिसली. ठाऊक नसतं तर नसती दिसली, हे खरं आहे.

"काय खेळून राहिले तुम्ही लोक?" तिने विचारलं, आणि मितालीने तिला हाताला धरून बसवलंच. "दीदी, तुम्ही पण. काका, दीदी का बनाइए ना." काका जिन्यात उभे होते. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते आत आले, रुमाल काढला आणि फासे पुसायला लागले. फार वेळ पुसत होते.

ती फासे टाकायला लागली तशी लहान मुलीसारखी खुलली. बळ नऊ. चपळाई बारा. दम चौदा, तेव्हा तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बुद्धी तेरा, शहाणपण अकरा. मोहिनी पंधरा आल्यावर निखिलने मुजरा केला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. काका एकेक आकडा कागदावर घालत होते. सहा झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मिताली म्हणाली, "काका, सातवां?"

मी मितालीच्या पायाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मुलीने फासे उचललेच होते. "हे कशाचं?"

"सोसणं," काका म्हणाले.

तिने टाकले. तीन सहा. तीन सहा आमच्या त्या सतरंजीवर कधी पडले नव्हते. निखिलने सवयीने टाळी वाजवली, मितालीनेही वाजवली, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. टाळ्या अर्ध्यात थांबल्या. ती मात्र आनंदाने लाल झाली होती. "अठरा," म्हणाली. "बघा बाबा. पैकीच्या पैकी."

"पुन्हा टाक," काका म्हणाले.

 ज्या माणसाने एकही फासा दुसऱ्यांदा टाकू दिला नव्हता, तो फासे गोळा करून तिच्यापुढे धरत होता. 

"काहून? एकदाच टाकायचे म्हणता न तुम्ही? हे भाऊ सांगून राहिले होते मघाशी." तिने निखिलकडे बोट दाखवलं.

"ह्याच्यात मोठा आकडा वाईट असते, बेटा. पुन्हा टाक."

"वाईट कसा? बाईला लागतेच ते." तिने फासे घेतले नाहीत. हसत होती, पण कागद स्वतःकडे ओढून तिने पेन्सिलीने अठरा लिहिलं. ठळक, दोनदा गिरवून.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते. गेटपाशी काका तिला म्हणाले, "जाऊ नको. राहा इथेच. आजपासून राहा." इतकं साधं, इतक्या हळू. ती चपलेचा पट्टा लावत होती. म्हणाली, "बाबा, तेहतीस गुण आहेत. तुम्ही स्वतः बसवले. मी निघून आले तर लोक काय म्हणतील तुम्हाला? एवढ्या घरांत तुम्ही लग्नं जुळवली, सगळ्यांच्या मनात किडा पडेल. आणि होईल ठीक. पत्रिका जुळलेली आहे म्हणजे कधीतरी होणारच न." मग ती रिक्षात बसून गेली. तिचा त्या पत्रिकेवर विश्वास होता. काकांचा उडाला होता, पण तिला तो त्यांनीच दिला होता, आणि दिलेला परत कसा मागायचा हे त्यांना कळत नव्हतं. मला त्या क्षणी काकांचा राग आला, तिचा आला, जगातल्या समस्त पंचांगांचा आला. कपडे तसेच काखेत धरून मी उभी राहिले.

काकांनी उपाय शोधला. चांगला होता, असं मलाही वाटलं. मी त्यांच्याबरोबर गेले ती त्यामुळेच. ते म्हणाले, "ती माझ्या शब्दावर बसली आहे. मी शब्द मागे घेतो. सगळ्यांसमोर सांगतो, पत्रिका चुकली, वेळ चुकीची धरली. मग ती मोकळी झाली." त्यांच्यासारख्या माणसाने हे बोलणं म्हणजे काय, ते खमरियातल्या कुठल्याही मराठी घराला विचारा. "तुम्ही या सोबत. शिकलेल्या मॅडम असल्या की ते लोक आवाज चढवत नाहीत."

शहपुऱ्यापर्यंत बसने तासाभराचा रस्ता. दुकानाच्या मागेच घर. पोत्यांचा उग्र वास बैठकीपर्यंत येत होता. सासूबाई तख्तावर, सासरे खुर्चीत, जावई दाराच्या चौकटीला टेकून फोन बघत. मुलगी पाणी घेऊन आली, आम्हाला बघून आधी हसली आणि मग घाबरली. काका बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. आपण मुलीची जन्मवेळ चुकीची धरली, आता नीट मांडून पाहिली, गुण तेहतीस नाहीत, अकराच आहेत, हे लग्न व्हायलाच नको होतं, दोष सर्वस्वी आपला आहे, आपण मुलीला घेऊन जायला आलो आहोत. पाठ करून आल्यासारखं एका दमात बोलले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. त्या सुनेकडे वळल्या.

"अच्छा," म्हणाल्या. "म्हणजे हे आहे. मी म्हणतच होते." आणि सुनेच्या नावाने बोटं मोडायला लागल्या. ही घरात आली आणि सासरे जिन्यावरून पडले. ही आली आणि वखारीत पाणी शिरून बियाणं सडलं. कूस उजवली नाही. पोराचं डोकं फिरलं, हात उचलायला लागला, आधी नव्हता तसा. "सगळं हिचंच. आणि तुम्ही आम्हाला तेहतीस सांगून गळ्यात बांधली."

"दोष तिचा नाही, माझा आहे," काका म्हणाले.

"पत्रिका तर तिची आहे न, भाऊ?"

जावयाने तेव्हा पहिल्यांदा फोनवरून मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटल्याचा भाव होता. इतकी वर्षं आपण का मारतो हे बहुधा त्यालाही कळत नव्हतं, आणि आता त्याला कारण मिळालं होतं. ते मिळताना मी डोळ्यांनी पाहिलं. 

"न्या तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता न्या. असली पनौती आम्हाला नको."

मी मुलीकडे बघितलं. दार उघडं होतं. चल, एवढंच म्हणायचं होतं, आणि मी म्हटलंही, चला ताई.  रिकामे पेले ट्रेमध्ये ठेवून ती आत गेली. आम्ही थांबलो. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली नाही. शेवटी आम्ही उठलो.

बस स्टँडवर आलो आणि थोड्या वेळाने ती आली. कुणी पाठवली की कुणाला न सांगता आली, कळलं नाही. हातात एक पिशवी होती, तिच्यात पाण्याची बाटली आणि बापासाठी पोळी-भाजी. ती काकांच्या हातात देऊन म्हणाली, "खरं सांगा बाबा. वेळ चुकली होती?"

 बरोबर होती म्हटलं तर ती त्याच तेहतीस गुणांना धरून तिथेच राहणार. चुकली म्हटलं तर सासू म्हणते ती पनौती ठरणार.  बसचा कंडक्टर ओरडत होता, जबलपूर, जबलपूर.

"चुकली होती," काका म्हणाले. "चल माझ्यासोबत."

तिने मान हलवली, होकाराची, जणू एखाद्या दुकानदाराने भाव सांगितला आणि तिला तो समजला. "तो मारायचा न बाबा, तेव्हा मी मनात म्हणायचे, बाबांनी पाहिलेलं आहे, पुढे चांगलं आहे. त्याच्यावर निभत होतं. आज तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं, पुढे काहीच नाही. आता मी तुमच्याबरोबर आले तर सासू जे बोलली ते खरं झालं. सगळे म्हणतील, निघाली पनौती घरातून. मी नाही येणार."

"बेटा, तिकडे कोणी तसं म्हणणार नाही."

"तुम्हीच म्हणाले न."

मी मध्ये पडले. खूप बोलले. कायदा सांगितला, माझ्या खोलीत राहा म्हटलं, नोकरी बघू म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "तुम्ही चांगल्या आहात, मॅडम. बाबांचं जेवण बघत जा." मग वाकून काकांच्या पाया पडली. काकांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथे टेकायच्या आत ती उठलीसुद्धा. "पोहोचल्यावर फोन करू नका," म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली. मागे वळून बघितलं नाही.

बस सुटली. काका खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. शेतं गेली, नाका गेला. मला वाटलं रडतील, रडले असते तर बरं झालं असतं. जबलपूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा कुठे बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

"मॅडम, मुलगी एकदाच देतात न?"

"हो, काका."

"मी आज पुन्हा देऊन आलो."